तिसरं कडवं कुणी नेलं

१

वहीतलं बाराव्या गीताचं पान गेलंय हे मला शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला कळलं, आणि सगळ्यात आधी मी काय केलं, तर इराच्या तोंडात बोट घालून पाहिलं.

इरा माझी मुलगी, वय वर्षं तीन. तिनं आजवर लाइटबिलाचा एक कोपरा, लग्नाचं अर्धं आमंत्रण आणि माझी एमएस्सीची मार्कशीट, नशिबानं झेरॉक्स, एवढं खाल्लेलं आहे. त्यामुळे कागद हरवला की मी तपास घरापासून सुरू करते. तोंडात पेपरमिंटची गोळी निघाली. कागद नव्हता.

मग वही पुन्हा उघडली. अकरावं गीत होतं, तेरावं होतं. वहीची शिवण कधीच गेलेली, पानं नुसती एकावर एक ठेवलेली. कुणीही दोन बोटांनी उचलावं आणि न्यावं. फाडल्याची खूणसुद्धा राहणार नाही.

ही वही सोनाबाई आजींच्या वडिलांची. ते उपदेशक होते. उरणपासून पनवेलपर्यंत खाडीकाठच्या गावांतून पायी आणि होडीनं फिरायचे आणि स्वतः गीतं रचून गायचे. चाळीस गीतं, एकच प्रत. आमच्या पनवेलच्या चर्चनं त्यांची स्वरलिपी करून पुस्तिका काढायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण शाळेत असताना मी पियानोच्या पाच परीक्षा दिल्या होत्या आणि हे माझ्या सासूबाईंनी मंडळीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आजींची एकच अट होती. फोटो काढायचे नाहीत. पूर्वी कुणा पाहुण्यानं एका गीताचा फोटो काढला आणि चार महिन्यांनी तेच गीत त्याच्या नावानं कॅसेटवर आलं. तेव्हापासून आजींचा कॅमेऱ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. म्हणून मी एकेक पान समोर ठेवून हातानं उतरवत होते. अकरा गीतं झाली होती. बारावं शनिवारी करायचं होतं.

आणि रविवारी ते गायचं होतं. तेही पूर्ण.

यात विशेष काय, असं बाहेरच्याला वाटेल. आमच्या चर्चमध्ये कुठलंही गीत पहिलं, दुसरं आणि शेवटचं असंच गातात. तिसरं कडवं गाळायचं, हा इथला रिवाज. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं, असं का. नवरा म्हणाला, "असंच असतं." सासरे म्हणाले, "वेळ वाचतो."

पण सोनाबाई आजी सोमवारी कायमच्या सोलापूरला लेकीकडे चालल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. रविवारची उपासना त्यांच्या निरोपाची. पाळकसाहेबांनी विचारलं, आजी, तुम्हाला काय हवं? शाल, श्रीफळ, फोटोफ्रेम? आजी म्हणाल्या, "बाबांचं बारावं गीत म्हणा. तिसऱ्या कडव्यासकट. जाताना येकदा ऐकते."

२

आजी चर्चच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी जाऊन खरं ते सांगून टाकलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पोरीला गोळी मीच दिली. चालते ना?"

"आजी, पान गेलंय."

"ऐकलं गं. शब्द मला पाठ हायेत. आईनं शिकवले. पन चाल नाय. मी सा वर्षांची होते बाबा गेले तेवा, आन आईला गायला येत नवतं." त्यांनी डोळे मिटले आणि पाढा म्हणावा तसं म्हटलं:

"भरती सरली, चिखल उरला, आणि पोर माझी निजली खांद्यावरी,
तिला न जागवता ने, देवा."

मी बोटांवर अक्षरं मोजली, मग पुन्हा मोजली. या गीताचं पहिलं कडवं कसं आखीव आहे:

"नाव माझी लहानशी, ने तू पैलतीरा,
वल्हे तुझ्या हाती देवा, तूच माझा वारा."

दोन्ही ओळी चौदा-चौदा अक्षरांच्या. चाल त्याच मापाची शिवलेली. आणि तिसऱ्या कडव्यात पहिली ओळ पंचवीस अक्षरांची, दुसरी दहा. म्हणजे एका बाहीत दोन हात घालायचे आणि दुसरी बाही लोंबती सोडायची.

उपदेशकांना ते कळत होतं. म्हणून अशा ठिकाणी त्यांनी शब्दांवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, कुठे रेटायचं, कुठे थांबायचं याच्या. शब्द आजींकडे होते, पण ते चालीत बसवायची किल्ली त्या पानावर होती.

"ती पोर कोण, आजी?"

"मी," आजी म्हणाल्या. "अजून कोन? बाबांना येकच पोर."

३

आता त्या पंधरा मिनिटांचा हिशेब. पावणेपाचला मी चर्चमध्ये आले. वही उघडून बारावं पान डोळ्यांखालून घातलं, पाचला पेटीच्या झाकणावर ठेवली. तेवढ्यात इरानं "शू" म्हटलं. इरा जेव्हा "शू" म्हणते तेव्हा ती पूर्वसूचना नसते, ताजी बातमी असते. मी तिला घेऊन मागे धावले. तिला धुऊन, पुसून, हात दोनदा साबणानं धुऊन परत आले तेव्हा सव्वापाच झाले होते. दरम्यान आत फक्त तिघं होते.

पहिल्या किशोरीताई. शाळेत संगीत शिकवतात, आमच्या गायकवर्गाच्या प्रमुख.

"ती वही मी गेल्या महिन्यात पाहिली, आजींच्या घरी, पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर नाही. आणि खरं सांगू का ऋचा, गेलं पान तर बरंच झालं. ते कडवं चुकलेलंच आहे. मी दुरुस्त करून ठेवलंय."

"दुरुस्त म्हणजे?"

"भरती सरली तेवढं काढलं, चिखल काढला. 'पोर निजे खांद्यावरी, ने तू पैलतीरा.' मोज. चौदा."

दुसरा प्रितेश. पोर्टवर क्लिअरिंग एजंटकडे कामाला असतो आणि रविवारी कीबोर्ड वाजवतो. "वहिनी, मला वाचायला कुठे वेळ? मी ऱ्हिदम लावत होतो. वही मी बघितलीच नाही कधी. तुम्ही फक्त सांगा, चौथ्या नंबरचा ऱ्हिदम की सातव्या." बोलताना त्यानं कीबोर्डची बॅग पायानं हळूच बाकाखाली ढकलली. मी आई आहे. पायानं ढकललेली कुठलीही वस्तू मला दिसते.

तिसरे दिनानाथ मास्तर. वय बहात्तर, चाळीस वर्षं चर्चची पेटी त्यांच्याकडे. उपदेशकांच्या एका शिष्याकडून ते सगळी गीतं शिकले, त्यामुळे या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे छापील.

"वही?" मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "तिला मी जन्मात हात लावलेला नाही. मला गरजच काय? माझी वही इथे आहे." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

"म्हणजे तिसरं कडवं तुम्हाला येतं?"

"येतं म्हणजे काय. चाळीस वर्षांपूर्वी शिकलोय. गायची वेळ आली नाही एवढंच."

"मग आता म्हणून दाखवता?"

मास्तरांनी पेटीचा भाता बंद केला. "आज घसा धरलाय. उद्या सकाळी."

मला हायसं वाटलं. पान गेलं तरी मास्तर होते. पण घरी, करंजाड्याला, रिक्षातून जाताना ती बॅग डोळ्यांपुढून हलेना.

४

शनिवारी दहाला सगळे जमले. मी आधी बाकाखाली वाकले. इराचा बूट शोधतेय असं दाखवून प्रितेशच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला. आत घडी घातलेला, पिवळा पडलेला, जुना कागद होता.

मी इकडेतिकडे बघितलं. कागद ओढला आणि उघडला.

"वहिनी," मागून प्रितेश म्हणाला, "ते कीबोर्डचं गॅरंटी कार्ड आहे. नऊ वर्षांपूर्वीचं."

"मग पायानं बॅग का ढकललीस काल?"

तो लाजला. "आत वडापाव होते. तुमच्या इरानं मागच्या वेळी दोन संपवलेत."

इरा वडापाव खाते ही बातमी मला नवीन होती. तिखट चटणीसकट? मी विचारणार होते, पण किशोरीताई घड्याळ बघत होत्या.

मी ठरवलेली युक्ती केली. म्हटलं, पान नाही तर नाही. तिघांनी आपापल्या परीनं तिसरं कडवं म्हणून दाखवा, त्यातलं बरं ते मी लिहून घेते. आजींना पहिल्या बाकावर बसवलं.

किशोरीताईंनी दुरुस्त कडवं म्हटलं. सुरेल होतं. आजींनी विचारलं, "चिखल कुटं गेला?"

"चिखलाची गरज नाही आजी, मीटरमध्ये बसत नाही."

"बाबा मला घेऊन गुडघाभर चिखलातनं चालले, आन तू म्हन्तेस गरज नाय."

प्रितेशनं सात नंबरचा ऱ्हिदम लावला. तो शब्दांमागे आणि ऱ्हिदम त्याच्या पुढे, असे दोघं धावले. तो "चिखल उरला"पर्यंत पोहोचला तेव्हा कीबोर्डनं समारोपाची झांज वाजवून टाकली होती.

मग मास्तरांनी भाता सोडला. घसा एकदम साफ होता.

"भरती सरली, चिखल उरला, आऽऽऽऽणि..."

"आणि"वर ते थांबले. नुसते थांबले नाहीत, मुक्कामाला राहिले. पेटीवर एक तान घेऊन परत आले तरी "आणि" चालूच. मग उरलेली ओळ दुसऱ्या फेरीत, जागोजागी दम खात म्हटली. आजी मान तिरकी करून ऐकत होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

"मास्तर," मी विचारलं, "'आणि'वर एवढं का थांबायचं?"

"तिथेच तर भाव आहे," मास्तर म्हणाले. "चौदा अक्षरं कुठे संपतात? मोज. 'आणि'वर. आणि म्हणजे काय? पुढे काही तरी आहे. माणसाची आशा. उपदेशकांनी ती जागा मुद्दाम ठेवलीय. मला गुरूंनी सांगितलं होतं, दिनानाथ, 'आणि' सोडू नकोस."

किशोरीताईंच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. मी मात्र पेन्सिल खाली ठेवली, कारण "आणि" कुठून आलं ते तिथे फक्त दोघींना माहीत होतं. एक मी. दुसरी बाकाखाली आपला बूट चाटत होती.

५

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. शुक्रवारी पावणेपाचला वही उघडून बसले होते तेव्हा इरानं माझ्या हातातली पेन्सिल ओढली आणि बाराव्या पानावर, बरोबर "आणि" या शब्दाभोवती, एक गोल काढला. पहिल्याच फटक्यात इतका गोल गोल की क्षणभर अभिमानच वाटला. नंतर धडकी भरली. खोडायला गेले तर जुनी शाई निघेल म्हणून खोडलाही नाही. उपदेशकांच्या खुणांत गोल म्हणजे थांबा. त्यामुळे पानावर आता एक थांबा जास्तीचा होता, आणि तो साधारण पंधरा मिनिटं वयाचा असताना पान गेलं.

किशोरीताईंनी वही पाहिली ती महिन्यापूर्वी. प्रितेशनं पाहिलीच नव्हती, आणि त्याचं गाणं ऐकून त्यावर विश्वास ठेवायला कुणालाही हरकत नव्हती. मास्तर म्हणाले होते, जन्मात हात लावला नाही. मग इराचा गोल त्यांच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या गुरूंना कसा कळला?

मी सगळ्यांना चहाला बाहेर पाठवलं. आजी किशोरीताईंचा हात धरून गेल्या. मास्तर उठायला लागले तेव्हा म्हटलं, "तुम्ही थांबा जरा."

आणि मी त्यांना गोलाची गोष्ट सांगितली. मास्तर ऐकत राहिले. मध्ये एकदा बाकाखाली बघितलं, जिथून इरानं त्यांना बूट देऊ केला.

मग त्यांनी पेटीचं मागचं झाकण उचललं आणि आतून पान काढून माझ्या हातात दिलं.

"आज सकाळी गुपचूप परत ठेवणार होतो," ते म्हणाले. "पण तू कालच वही उघडून बघितलीस."

"पण का, मास्तर? तुम्हाला तर येतं ना?"

"बारावं अवघड म्हणून गुरूंनी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, आणि ते वारले तेव्हा आम्ही त्याच्या दुसऱ्या कडव्यावर होतो." ते खाली बघून बोलत होते. "मी नवीन होतो. चर्चमध्ये सगळे म्हणाले, दिनानाथला सगळं येतं. मी नाही म्हटलं नाही. पहिल्या रविवारी बारावं गीत आलं. चौथं पहिल्याच्याच मापाचं, म्हणून दुसऱ्या कडव्यानंतर मी सरळ चौथं उचललं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पण पुढच्या वेळी येणार ना? एकाच गीताचं तिसरं गाळलं तर लोक विचारतील. म्हणून मी सगळ्याच गीतांचं गाळायला लागलो."

मी पान पेटीवर ठेवलं. "म्हणजे हा रिवाज..."

"माझा आहे."

साठ माणसं चाळीस वर्षं दर रविवारी तिसरं कडवं गिळत होती, कारण एका माणसाला एक कडवं येत नव्हतं. हसावं की रागवावं ते मला कळेना, पण मास्तर पेटीचं झाकण उलटं बसवत होते.

"आजींना काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही बघा. आधी हे बसवूया. उद्या त्यांना ऐकायचंय."

६

पानावर गोल सोडला तर नुसत्या उभ्या रेघा होत्या. मास्तरांनी त्या श्वास घ्यायच्या जागा धरल्या होत्या. "आठ वेळा श्वास घेतला एका ओळीत," ते म्हणाले, "काल घरी चक्कर आली."

मी रेघा मोजल्या. पहिल्या ओळीवर आठ, दुसरीवरही आठ. पहिलीत एका रेघेपासून दुसरीपर्यंत तीन-तीन अक्षरं. दुसरीत जवळजवळ प्रत्येक अक्षरावर रेघ. पण ते गाऊन पाहिलं तर पहिली ओळ आगगाडी आणि दुसरी बंद पडलेली आगगाडी. तासभर झगडलो. इरा कंटाळून रडायला लागली, म्हणून तिला खांद्यावर टाकून मी बाकांमधून फेऱ्या मारायला लागले. ती झोपली. आता थांबले तर उठेल, म्हणून चालत राहिले, पाय जपून टेकत.

मास्तर माझ्या पायांकडे बघत होते. "थांबू नकोस," ते म्हणाले. "तशीच चाल."

आणि माझ्या एकेका पावलावर एकेक रेघ धरून त्यांनी हळू आवाजात सुरू केलं. पहिली ओळ पुटपुटल्यासारखी, पावलांच्या मध्ये भराभर, दमलेला माणूस स्वतःशी बोलतो तशी. दुसरी ओळ एकेका पावलाला साधारण एकेक अक्षर, अगदी जपून. तिला न जागवता ने, देवा. पंचवीसही बसली आणि दहाही बसली. काहीच काढावं लागलं नाही. चिखलसुद्धा.

मी ते तसंच लिहून घेतलं, एका हातानं.

रविवारी चर्च भरलं होतं. आजी नवी नऊवारी नेसून पहिल्या बाकावर. बारावं गीत सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि साठ माणसांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं छाती भरून चौथं उचललं. पाळकसाहेबांनीसुद्धा. किशोरीताई हात हलवून थांबा थांबा करत होत्या, कुणी बघेना. प्रितेशचा ऱ्हिदम त्यांना ढकलतच होता.

मास्तरांनी पेटी बंद केली. धाडकन. गाणं दोन शब्दांत विझलं. प्रितेशनं घाबरून बटण दाबलं.

मास्तर उभे राहिले. या माणसाला उपासनेत उभं राहून बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

"तिसरं राहिलंय," ते म्हणाले. "ते मला येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. म्हणून मीच तुम्हाला दर वेळी पुढे नेलं. पानही मीच घेतलं होतं. सोनाबाई, मला माफ करा. काल शिकलो, आता म्हणतो."

 मास्तर बसले, चष्मा लावला, पान समोर ठेवलं आणि एकटेच गायले. आवाज फारसा चांगला लागला नाही. पहिल्या ओळीत एकदा अडखळले, सावरले. दुसरी ओळ इतकी हळू म्हटली की मागच्या बाकांवरचे पुढे वाकले.

कडवं संपलं. आजींचे डोळे मिटलेले होते आणि मान एका बाजूला कलली होती, जशी निजलेल्या पोरांची कलते.

आता चौथं कडवं घ्यायचं. पण कोण घेणार? मास्तरांची बोटं पट्ट्यांवर तशीच. किशोरीताईंनी ओठांवर बोट ठेवलं. पाळकसाहेबांनी खोकला दाबला. साठ माणसं श्वास धरून उभी. मला तर काळजीनं भलतंसलतं सुचायला लागलं, आणि आजींची छाती हलतेय का ते बघायला मी हळूच दोन पावलं पुढे गेले.

"निजले नाय मी," आजी डोळे न उघडता म्हणाल्या. "पन म्हणा तुमी. हळू म्हणा."